दुसरा रिमोट

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आधी पोलिसांशी, मग कॉलनीच्या नोटीस बोर्डावर, मग आमच्या घरात येऊन, आमच्या खुर्चीवर बसून, आमचा चहा पीत. माझा दादा, सुगत दुर्गे, बास्केटबॉलच्या रिंगला लटकला, स्टँड उलटला आणि तो मेला, असं तुम्ही सांगितलंत. अख्ख्या सिमेंट फॅक्टरीनं ते गिळलं. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमच्याकडून वकील येईल, आणि मला वकील नको, उत्तर पाहिजे. हे मी कुणाबद्दल लिहितेय ते तुम्हाला पहिल्याच ओळीत कळलं असणार.

तुम्ही आमच्या घरी यायच्या आधी, त्या दुपारी, मी काय पाहिलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. पोट्टी वेडी झाली म्हणतील, म्हणून. आता म्हणू द्या.

दादाला जाऊन आठवडा होत आला होता. त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अजून व्हायचा होता. सकाळी कंपनीच्या वेलफेअर खात्याचे ताकसांडे येऊन दारातूनच सांगून गेले होते.

"दुर्गे, साहेब सोता येऊन राहिले आज तुमच्या घरी. त्यायच्या मॉन्टीबाबालेही आणते. सुगतचा दोस्त होता ना तो."

"दोस्त?" आई आतून म्हणाली.

ताकसांडेंनी ऐकलं नाही असं केलं. "उद्या शोकसभा हाये ग्राउंडवर. तुम्ही दोन शब्द बोलायचे. माहा पोरगा लटकला, त्याची चूक झाली, बाकीच्या पोरायनं धडा घ्यावा. बस. इतकंच. साहेब तुमचं पर्मनंटचं काढून राहिले."

बाबा पॅकिंग प्लांटला टेम्पररी होते. माझ्या जन्माच्या आधीपासून टेम्पररी. ते खाटेवर बसले होते, भुवयांवर सिमेंट तसंच. ते "बरं" म्हणाले नाहीत आणि "नाही"ही म्हणाले नाहीत.

ताकसांडे गेल्यावर आई शेजारच्या लता काकूंकडून कान शाबूत असलेले कप मागून आली आणि ते पुसत बसली. पुसता पुसता बोलायला लागली, कपाशीच बोलल्यासारखी.

"लटकला म्हणते. हात मी धुतले पोराचे. गंज होता हाताले. रगडून काढला मी गंज. त्या दिवशी सकाळीच नारंगी रंग मारला होता रिंगले, मंत्री येणार म्हणून. लटकला तर रंग कुठी गेला?"

"आता त्यानं काय होते?" बाबा म्हणाले. "पोरगा येते का वापस?"

"येत नाही. म्हणून खोटा पाडायचा का त्याले?"

बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी टीव्हीच्या खालचं खोकं ओढलं.

त्यात दादाचा टीव्ही गेम होता. जिल्हा स्पर्धेत आमची टीम जिंकली तेव्हा कोचनं त्यांच्या मुलाचा जुना गेम दादाला दिला होता. करडा डबा, दोन रिमोट, आणि एकच कॅसेट, स्टिकर फाटलेली. त्यामुळे गेमचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. बास्केटबॉलचा होता, दोघांविरुद्ध दोघं, एवढं खरं. मी आणि दादा एका बाजूला, कॉम्प्युटर दुसऱ्या. आमच्या कॉलनीत सिमेंटची धूळ खिडकी बंद करा, दार बंद करा, येतेच. दर वेळी कॅसेट काढून फुंकर मारल्याशिवाय गेम चालू होत नसे. दादा दोनदा फुंकायचा. एक मोठी, मग थोडं थांबून एक बारीक, दिवा विझवल्यासारखी. मी त्याला हसायची.

मी कॅसेट काढली. फुंकर मारली. एकच, मोठी.

आणि थोडं थांबून, माझ्या डाव्या कानाजवळ, दुसरी बारीक फुंकर ऐकू आली.

मी वळून पाहिलं. आई कप पुसत होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. पंखा बंद होता. कॅसेटच्या दातांवरून मात्र धुळीची एक बारीक वाफ उठली आणि माझ्या तोंडावर आली.

मनात म्हटलं, झोप नाही, जेवण नाही, भास होणारच. कॅसेट घातली. टीव्हीचा आवाज बंद ठेवला, दुखवट्याचं घर. हाताला सवय होती म्हणून 'दोन खेळाडू' दाबलं गेलं. चूक लक्षात आली, पण परत कुठं जायचं म्हणून तसंच राहू दिलं. दुसरा रिमोट फरशीवर पडला होता, दादानं गुंडाळून ठेवलेल्या वायरीसकट. नुसता उभा राहील दुसरा खेळाडू, मला काय.

खेळाडू निवडायचं पान आलं. त्यातल्या सगळ्यांना आम्ही कॉलनीतली नावं ठेवली होती. टकला जाडा म्हणजे ताकसांडे. काळ्या केसांचा हडकुळा म्हणजे दादा, "हा मी, खायले नाही मिळत म्हणून असा" असं म्हणायचा. ठेंगणा माझा. आणि पिवळ्या केसांचा, गोरा, सारखा दात दाखवणारा, तो मॉन्टी. तुमचा मॉन्टी, साहेब. तो कुणीच घ्यायचा नाही. उड्या मोठ्या मारायचा पण पास द्यायचा नाही.

मी ठेंगण्यावर चौकट नेली. ती सरकून मॉन्टीवर गेली. परत आणली. परत गेली. रिमोटचं बटण अडकलं असेल म्हणून मी तो रिमोटच मांडीवर आपटला. चौकट मॉन्टीवरच, आणि आपोआप लुकलुकून निवड झाली. शेजारी दुसरी चौकट हडकुळ्यावर जाऊन बसली होती. तिला मी हातही लावला नव्हता.

खेळ चालू झाला. बॉल माझ्याकडे, म्हणजे मॉन्टीकडे आला. आणि हडकुळा चालायला लागला.

धावला नाही, चालला. त्या गेममध्ये चालता येतच नव्हतं. तो मैदानाच्या कडेला गेला, पांढऱ्या रेषेपाशी क्षणभर थांबला आणि रेष ओलांडून बाहेर गेला. रेष ओलांडता येत नाही, साहेब. आम्ही दोघांनी किती प्रयत्न केले होते, बोटं दुखेपर्यंत. रेषेवर काच असल्यासारखे खेळाडू अडायचे. हा गेला. आमच्या बास्केटच्या मागे, खांबाच्या पाठीमागे गेला आणि तिथं उभा राहिला, दोन्ही हात खांबाला लावून.

मी डबा बंद केला. कॅसेट काढली, पुसली, फ्रॉकला घासली. या वेळी फुंकर मारलीच नाही. तरी ती ऐकू आली, मोठी आणि मग बारीक, दोन्ही.

परत तेच. मॉन्टी माझ्या हातात, हडकुळा खांबामागे.

"काय करून राहिली गं?" आई म्हणाली.

"काही नाही."

मी लांबून शॉट मारला. बॉल गेला. हडकुळा हलला नाही. परत मारला. हलला नाही. मग मी मॉन्टीला बास्केटजवळ नेलं आणि उडीचं बटण दाबलं. त्या गेममध्ये डंक मारला, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबला, की खेळाडू क्षणभर रिंगला लटकायचा आणि खाली यायचा. मॉन्टी लटकला. पण उतरला नाही. लटकून राहिला, दात दाखवत. खांब हळूहळू पुढे वाकायला लागला. मागे हडकुळ्याचे पाय जमिनीवरून सुटले. तो खांब सोडीना. वर उचलला गेला, उंच, खांबावरून उलटा, आणि पुढच्या बाजूला डोक्यावर पडला.

पडद्यावर काहीच हललं नाही, किती वेळ कुणास ठाऊक. मग बॉल आपोआप मधोमध आला आणि हडकुळा उठून, रेष ओलांडून, परत खांबामागे जाऊन उभा राहिला.

तेव्हा मला कळलं.

तुम्ही कोर्टवर कधी खेळला नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या ग्राउंडवरचा तो स्टँड चाकांचा होता, तोंडाकडे जड. मागच्या पाइपावर वजन ठेवलं नाही तर बॉल लागला तरी डोलायचा. पोरांनी गोडाऊनमागे फेकलेल्या सिमेंटच्या गोण्या आणून मागे रचल्या होत्या. ओल लागून दगड झालेल्या गोण्या. त्या कुणी हलवल्या तर कुणीतरी एक जण मागच्या पाइपावर चढून, खांब धरून उभा राहायचा आणि बाकीचे खेळायचे. खेळाच्या आधी विचारायचीच पद्धत होती, "आज वजन कोण?" बहुतेक वेळा मी. दादा खेळायचा आणि मी वजन. मागचा पाइप कधी कुणी रंगवला नाही. तो नुसता गंज होता. वजन झालेल्याचे हात घरी येईपर्यंत लाल.

आणि त्या दिवशी मंत्र्यांच्या कार्यक्रमाच्या मांडवाचे दोर वाऱ्यानं सुटत होते, म्हणून ताकसांडेंनी ग्राउंडवरून दगड झालेल्या गोण्या उचलून नेल्या होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या मांडवाच्या कोपऱ्यांत. सगळी कॉलनी जेवायला मांडवात होती. मी पण. दादा कोर्टवर होता, कारण मॉन्टी त्याला बोलवायला आला होता.

"आई," मी म्हटलं, "दादा वजन होता."

आईच्या हातातला कप थांबला. ती कधी ग्राउंडवर आली नव्हती, पण माझे लाल हात तिनंच धुतले होते, कितीदा तरी. बाबा भिंतीकडून वळले.

"मग लटकला कोण?"

बाहेर तुमची जीप थांबली.

तुम्ही आलात. ताकसांडे फळांची पिशवी घेऊन मागे, आणि त्यांच्या मागे मॉन्टी. तुम्ही बाबांच्या खांद्यावर हात ठेवलात. बाबा उभेच राहिले. आईनं चहा टाकला. टीव्ही चालूच होता, मी बंद केला नाही.

"दुर्गे, नियतीपुढे कुणाचं चालत नाही," तुम्ही म्हणालात. "गुणी मुलगा होता. वय असतं असं, अंगात मस्ती असते. आता आपल्याला बाकीच्या मुलांचा विचार करायचाय. उद्या तुम्ही बोललात तर ते मुलांच्या मनावर जास्त ठसेल. माझं काय, मी पडलो अधिकारी."

"काय बोलू, साहेब?"

"जे झालं तेच. तो लटकला, हे सगळ्यांना माहीतच आहे."

"तुम्ही पाह्यलं?" आईनं कप पुढे केला.

तुम्ही कप घेतलात. "मी कसा पाहणार, बाई? मी मांडवात होतो."

हे तुमचं वाक्य आहे. शब्दन् शब्द. मी विसरले नाही.

मॉन्टी दाराशीच उभा होता. वर पाहत नव्हता, टीव्हीकडेही पाहत नव्हता. मी रिमोट त्याच्यासमोर धरला.

"खेळतो?"

"नको."

"बस ना. दादाचा गेम आहे. तुझा खेळाडू पण आहे यात."

"जा, बस," तुम्हीच म्हणालात, साहेब. "मुलांचं मन जरा रमेल." तुम्हाला आमच्या घरातून मन कुठंतरी दुसरीकडे न्यायचं होतं.

तो फरशीवर बसला. रिमोट घेतला. मी दुसऱ्या रिमोटपासून लांब, हात मांडीत घेऊन बसले, त्याला दिसेल असे. बॉल मधे आला. हडकुळा चालायला लागला.

मॉन्टीनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग फरशीवरच्या रिमोटकडे, गुंडाळलेल्या वायरीकडे. मग टीव्हीकडे.

"हा कुठं चाललाय?"

"तुला माहीत आहे कुठं."

हडकुळ्यानं रेष ओलांडली. खांबामागे गेला. मॉन्टीनं रिमोट खाली ठेवला. खरंच ठेवला, मी पाहिलं, बटणांना त्याचं बोटही नव्हतं. तरी पिवळ्या केसांचा धावत सुटला, उडाला आणि रिंगला लटकला, दात दाखवत.

"उतरव याला," मॉन्टी म्हणाला.

मी हात मांडीतच ठेवले.

"उतर ना! उतरत का नाहीये हा? उतर!" त्यानं रिमोट उचलून सगळी बटणं दाबली. खांब पुढे वाकायला लागला. मागचे पाय सुटले. आवाज बंद होता टीव्हीचा. पण घरात लोखंड करकरलं. मी ऐकलं, आईनं ऐकलं, ताकसांडेंनी वर पंख्याकडे पाहिलं. तुम्ही कप तोंडाजवळ धरून थांबलात. तुम्हीसुद्धा ऐकलं, साहेब.

मॉन्टी टीव्हीकडे पाहत नव्हताच आता. तुमच्याकडे पाहत होता.

"तो सांगत होता ना पप्पा. उतर, उतर, मागून उचलतंय. पेंट ओला आहे, वजन नाहीये, नको म्हणत होता आधीपासून. तुम्ही त्याला म्हणालात, तू मागे उभा राहा. मी उतरत होतो. तुम्हीच म्हणालात, थांब, अजून एक फोटो काढतो. हसरा."

कप बशीवर ठेवताना तुमचा हात हलला नाही. हे मी तुमच्या बाजूनं लिहिते. हात अजिबात हलला नाही.

"मॉन्टी, ऊठ," तुम्ही म्हणालात. "मुलगा शॉकमध्ये आहे, दुर्गे. जवळचा मित्र गेलाय त्याचा. काहीही बडबडतोय. ताकसांडे, गाडीत घ्या याला."

ताकसांडे जागचे हलले नाहीत. आईच मॉन्टीजवळ गेली. खाली बसली आणि त्याचा हात हातात घेतला, जसा लहान पोराचा घेतात. उलटा करून बोटं पाहिली. नखांच्या कडांना, कातडीत शिरलेला, नारंगी रंग होता. घासून घासून बोटं लाल केली होती त्यानं, तरी होता.

"अजून नाही निघाला का रे?" आई म्हणाली. तिनं हात हळूच त्याच्या मांडीवर ठेवला. "राकेल लाव. निघते."

तो पोरगा रडायला लागला. तुम्ही त्याला दंडाला धरून नेलंत. चहा अर्धा राहिला.

दारातून तुम्ही एकदाच वळलात. बाबांशी बोललात, हळू आवाजात. "उद्या काय बोलायचं ते तुम्हाला माहीत आहे. क्वार्टर कंपनीचं आहे, दुर्गे. मुलगीपण आहे तुम्हाला."

ताकसांडे सगळ्यांत शेवटी निघाले. उंबऱ्यात चप्पल घालताना, कुणाकडे न पाहता पुटपुटले, "गोण्या मी हलवल्या, भाऊ. मांडवासाठी हुकूम होता." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंघोळ केली, भुवयांवरचं सिमेंट घासून काढलं. तसे ते मला वेगळेच दिसले, कुणीतरी तरुण माणूस घरात आल्यासारखे.

शोकसभा. तुम्ही आधी बोललात. मस्ती, धडा, शिस्त, सगळं बोललात. मग माइक बाबांकडे आला. बाबांनी आयुष्यात माइक धरला नव्हता. तो त्यांनी खांब धरतात तसा दोन्ही हातांनी धरला.

"माझा पोरगा लटकला नाही," ते म्हणाले. "माझा पोरगा वजन होता."

बस. एवढंच. खाली बसले.

खुर्च्यांवरच्या अधिकाऱ्यांना काहीच समजलं नाही. पण मागे सतरंजीवर कॉलनीची सगळी पोरं होती, पोरी होत्या, त्यांच्या आया होत्या. ती पद्धत त्यांना माहीत होती. एकेक मान कोर्टकडे वळली, जिथं पडलेला स्टँड अजून तसाच होता, मागे एकही गोणी नसलेला. तुम्ही माइक परत घेतलात. "दुःखानं माणसाचं भान सुटतं," म्हणालात. टाळी कुणी वाजवली नाही. तुमच्याविरुद्ध बोललंही कुणी नाही, ते पण लिहिते. सगळ्यांची क्वार्टर्स कंपनीचीच होती.

महिना संपायच्या आत आमचं सामान ट्रॅक्टरवर होतं. बाबा पुढे वीटभट्टीवर गेले, मग चौकीदारीला, आणि मग त्यांची छाती सिमेंटनं भरून गेली. ते मरेपर्यंत पर्मनंट कुठेच झाले नाहीत. नवा स्टँड आला, त्याच्यावर पाटी आली, 'रिंगला लटकू नये', आणि खाली दादाचं नाव, ताकीद म्हणून. ती पाटी वाचताना मी शाळेच्या पोरांना पाहिलंय.

गेम माझ्याकडे आहे. टीव्ही तीनदा बदलला, आता जुन्या टीव्हीला जोडायची पिन मिळत नाही, एका पोराकडून बनवून घेतली. मी वर्षातून एकदा लावते. फुंकर एकच मारते, दुसरी ऐकू येते. दादा रेष ओलांडतो आणि मागे जाऊन उभा राहतो. मी मॉन्टीला रिंगपाशी नेत नाही आता. लांबून शॉट मारत बसते. त्याला सांगते, सोड दादा, झालं, कुणी लटकलेलं नाही, ये खेळायला. तो खांब सोडत नाही. त्याला कुणीतरी मोठ्या माणसानं उभं राहा म्हणून सांगितलंय, आणि त्या माणसानं अजून उतर म्हटलेलं नाही.

ते तुम्ही म्हणायचंय, साहेब. पण तुम्ही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी दुसरं मागते.

तेव्हा रोलचे कॅमेरे होते. तुम्ही एक फोटो काढला होता, मग अजून एक, हसरा. पुढे तुमचा मुलगा रिंगला लटकलेला असेल, दात दाखवत. आणि त्याच्या मागे, पाइपावर उभा, दोन्ही हातांनी खांब धरलेला, माझा भाऊ असेल. जिवंत. आमच्याकडे त्याचा शाळेच्या ओळखपत्रावरचा सोडून एकही फोटो नाही.

तुम्ही म्हातारे झाला असाल. मॉन्टी पन्नाशीकडे आला असेल. मला कोर्टात जायचं नाही, पैसा नको, माफी तर अजिबात नको. मला एवढंच सांगा.

तो रोल तुम्ही धुतलात का? आणि धुतला असेल, तर माझा भाऊ कुठे ठेवलाय?